दुपट्टा बदलला तेव्हा

अकोल्यात जठारपेठेत मी जिच्याकडून रोज भाजी घ्यायचो, तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मेथीची जुडी देण्याआधी ती झटकायची आणि पिवळी पानं स्वतःच खुडून टाकायची. मागच्या निवडणुकीत तिने एका उमेदवारासाठी गल्लोगल्ली प्रचार केला होता. निवडून आल्यावर त्याने पक्ष सोडला. यंदा तो नव्या रंगाचा दुपट्टा घालून तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"मावशी, पक्ष बदलला, माणूस तोच हाये."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "तुमी तेच असान भाऊ. पण तुमच्यापायी मी माह्या जावेशी भांडली, बोलणं सोडलं. आता तुमी तिच्याच पक्षात गेले. मी तिले काय सांगू?"

तो पुढे निघून गेला.

"मत देणार का त्याला?" मी विचारलं.

"ते पाहू मंग. जरा भाजीकडे लक्ष ठेवा."

ती उठून रस्त्यापलीकडच्या फुलवालीकडे गेली. हीच तिची जाऊ, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. फुलवालीने टोपली बाजूला सरकवली आणि तिला शेजारी बसायला जागा केली.