तिळाएवढा ॲलनाइट

अमरावतीच्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत गयासुद्दीन सत्तावीस वर्षांपासून परिचर आहेत. हुद्दा परिचराचा, पण खरं काम दगड घासायचं. दगडाची चकती कापायची, काचपट्टीवर चिकटवायची आणि ओल्या भुकटीवर इतकी घासायची की आरपार उजेड दिसला पाहिजे. त्यांचे वडील हिवरखेडला पिठाच्या गिरणीच्या दगडांना टाकी लावायचे. दगडाशी सलगी तिथूनच.

दोन वर्षांपूर्वी आकांक्षा नावाची एम.एस्सी.ची मुलगी मोर्शीकडून गुलाबी ग्रॅनाइटचा तुकडा घेऊन आली. वऱ्हाडात बहुतेक काळा बेसाल्टच. पण तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट काही ठिकाणी वर आला आहे. तिच्या घरच्या संत्र्याच्या बागेत विहीर खोल करताना तो निघाला होता. त्यात डांबरासारखा चकचकीत काळा दाणा होता, तिळाएवढा. भोवती तांबूस डाग आणि डागातून चहूकडे केसासारख्या भेगा.

"कायचा दाणा हाय हा, चाचा?"

"घासल्यावर कळन, बेटा."

घासताना तो दाणा निखळून गाळात गेला. गयासुद्दीननी तो गाळ दोनदा गाळून पाहिला, काही सापडलं नाही. सकाळी आकांक्षा आल्याबरोबर त्यांनी सांगून टाकलं, "माह्याच हातून गेला. आतून फुटेल होता तो. मी आधी राळ मुरवाले पायजे होती."

आकांक्षा म्हणाली, "विहिरीपाशी ढीग पडून हाय. चला तुमी."

रविवारी पौर्णिमा मॅडमच्या गाडीत तिघं मोर्शीला गेले. मॅडम गयासुद्दीनच्याच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. त्यांनी किरणोत्सार मोजायचं यंत्र बरोबर घेतलं होतं. ढिगातल्या काळ्या ठिपक्यांपाशी यंत्र नेलं की टकटक थोडी वाढायची. शेजारचे पाचसहा जण जमले.

"सोनं हाय का?" त्यांतल्या बुधाजीनं विचारलं.

"ॲलनाइट असंन," गयासुद्दीन म्हणाले. "सिरियम असते त्यात. लायटरमंधल्या ठिणगीच्या खड्यात असते ना, तेच. संगं थोडं थोरियम. त्याच्या किरणांनी दाणा आतून मोडते, फुगते, मंग भोवतालचा दगड असा तडकते. पण खाणबिन काही लागत नाही. दाणे मोजकेच हायेत."

थोरियम हा शब्द मात्र बुधाजीनं बरोबर उचलला. मंडळी चहाला घरी पोचेपर्यंत 'विहिरीत ॲटम बॉम्बचा दगड' ही बातमी तिथं जाऊन बसली होती. आकांक्षाच्या आजी गोदाबाई पाण्याची घागर पालथी करून ओट्यावर बसल्या होत्या.

"मले खरं सांग, भाऊ. हे पाणी तू पेशील?"

पौर्णिमा मॅडम धोका फार कमी असल्याचं सांगू लागल्या. गोदाबाईंची नजर गयासुद्दीनवरच होती.

"तपासल्याबिगर मी बी नाही पेत, माय," ते म्हणाले. "दगडात हाय म्हून पाण्यात असंनच असं नाही. पण मले डोळ्यानं दिसत नाही ते. रिपोर्ट येऊ द्या."

आकांक्षाचे वडील भगवंतराव यांना ते आवडलं नाही. आता गावभर होईल, असं ते पुटपुटले. गोदाबाईंनी मात्र मान हलवली आणि शेजाऱ्याच्या बोअरवरून पाणी आणायला सांगितलं.

पाण्याचे नमुने नागपूरला गेले. तीन आठवडे घरात बाहेरचं पाणी होतं आणि भगवंतराव आकांक्षाशी तुटक बोलत होते. त्या दिवसांत गयासुद्दीननी नव्या दगडातला दाणा आधी पातळ राळेत मुरवला, दोन दिवस वाळू दिला आणि मग घासायला घेतला. शेवटचं घासणं त्यांनी बोटाच्या दाबावर केलं, दर मिनिटाला काच उजेडाकडे धरून. दाणा टिकला. सूक्ष्मदर्शकाखाली तो मधासारखा तपकिरी दिसला, आणि तबकडी फिरवली की रंग फिका-गडद होत होता. मॅडमनी खात्री केली. ॲलनाइटच.

पाण्याचा रिपोर्ट आला. सगळे आकडे मर्यादेच्या खूप खाली होते. गयासुद्दीननी स्वतः फोन करून गोदाबाईंना ते वाचून दाखवले. गोदाबाईंनी संध्याकाळी विहिरीवरून घागर भरली.

ती काचपट्टी आता कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला ठेवतात. दर वर्षी निम्मी पोरं त्या दाण्याला हॉर्नब्लेंड लिहितात, तसंच दिसणारं पण नेहमी सापडणारं खनिज. गयासुद्दीन टेबलाशी उभे असतात, सगळ्यांचे पेपर त्यांना दिसतात, आणि बोलायची परवानगी नसते.