घटातल्या मुगाची ताणाताणी

कपाट उघडलं आणि मी किंचाळलेच. माझा काकडीच्या रोपांचा ट्रे गायब!

"अगं, बिचारी पिवळी पडलेली अंधारात," आई म्हणाली. "गॅलरीत ठेवलीत उन्हात. बघ कशी हिरवीगार झालीत."

झालं! एम.एस्सी.च्या प्रयोगाला मला पिवळीच हवी होती. अंधारात रोप उंच होण्यासाठी धडपडतं, पेशींच्या भिंती सैल सोडतं. ऊन लागलं की त्याच भिंती आखडतात. दसऱ्यानंतर लगेच गाईड मॅडमना प्रयोग दाखवायचा होता. नाही जमला तर विषय रद्द, वर्ष फुकट. मी आईला वाट्टेल ते बोलले, मग रडले.

आई देवघराकडे बघत राहिली. तिथल्या अंधाऱ्या कोपऱ्यात घट बसलेला. गव्हा-ज्वारीत उगवलेले मूग, लांबसडक आणि पिवळेधमक.

"दसऱ्याला घट उठला की मूग तुझे."

दरवर्षी ते तुरे अख्ख्या बिल्डिंगच्या केसांत आणि टोप्यांत मिरवतात. यंदा आईने फक्त गहू-ज्वारीचे तुरे वाटले. मूग ओल्या फडक्यात गुंडाळून डोंबिवलीहून ठाण्याला, कॉलेजच्या लॅबमध्ये.

शेंड्याजवळचा कोवळा तुकडा उकळत्या पाण्यात बुडवला. आतली प्रथिनं निकामी झाली. मग तो चिमट्यात धरून खाली वजन टांगलं, आंबट द्रावणात सोडला. लांबी मोजणारा काटा ढिम्म. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. मी उरलेल्या ताज्या मोडांतून काढलेलं एक्स्पान्सिन, म्हणजे भिंती सैल करणारं प्रथिन, त्यात घातलं.

काटा सरकला! अरे बाप रे, खरंच सरकला! घट्ट नाडी कोणीतरी सोडावी तसा तो मेलेला तुकडा हळूहळू लांबत गेला. एरवी कधी न हसणाऱ्या मॅडम माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "विषय राहू दे हाच!" मी तर नाचलेच.

बाहेर पळत येऊन आईला फोन लावला. "आई, ताणलं! उकळलेलं देठ ताणलं!"



"उकळलंस? देवीच्या घटातलं?"

"हो गं. उकळावंच लागतं."

"आणि तरी ताणलं?"

"तरी ताणलं!"

मग फोन कानाला तसाच ठेवून ती गॅलरीतून शेजारच्या काकूंना ओरडली, "अहो, ऐकलंत का? आमच्या देवीचे मूग उकळले तरी वाढतात!"