शिवलेला पेपर

चहा हातात आहे तोवर सांगून टाकते. नंतर हसताना सांडला तर मला बोलायचं नाही. काय अक्कल पाजळली होती मी!

एम. लिब. झाले आणि आष्टीच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले. दोन वर्षं वर्गीकरण घोकलं, तालिकीकरण घोकलं, नियतकालिकांचं जतन या विषयात तर पहिली आले. पण वाचनालयात माणसं येतात, ती कशी वाचतात, हे कुणी शिकवलं होतं का? नाव नको!

पहिल्याच सकाळी बघते तर पेपरची सगळी पानं सुटी! गंगाधरअप्पांकडे बाजारभाव, निवृत्त गुरुजींकडे निधनवार्ता, उरलेली पानं बाकावरच्या मंडळींत. वाचून झालं की पान पुढं, आणि वर मोठमोठ्यानं चर्चा. माझा जीव कळवळला. दुसऱ्या दिवशी दाभण-दोरा आणला आणि पेपर मधोमध शिवून टाकला. पुस्तकात तसंच होतं हो!

झालं. गुरुजी आधी आले, अख्खा पेपर धरला आणि टेंडरच्या जाहिरातींसकट वाचत बसले. अप्पा ताटकळले.

"पोरी, सोयाबीनचा भाव तेवढा पाहू दे. आडतीवर जायचंय," ते म्हणाले.

"अप्पा, रांगेनं वाचा," मी ठणकावलं.

आठवड्याभरात सगळे समोरच्या हॉटेलात जाऊन बसायला लागले. तिथला पेपर सुटा होता ना! आणि मला? मला आनंद! काय ती शांतता! रिकाम्या टेबलांचा फोटो काढून कॉलेजातल्या आमच्या सरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'आदर्श वाचनालय.' घ्या!

मग एका सकाळी अध्यक्षांचा फोन. तपासणीचे साहेब जालन्याहून येऊन राह्यले, वाचक दिसले न्हाईत तर अनुदान जाईल, अन् मंग तुमचा पगार कुठून द्यावा? वाचनालय उघडं टाकून हॉटेलात धावले, सगळ्यांपुढं हात जोडले.

"येतो की," अप्पा म्हणाले. "पण हातातलं पान तर संपू दे. बस, च्या घे."

कुणीतरी माझ्याही हातात एक पान दिलं. त्यावर नेमका नव्या ग्रंथपालांवरचा लेख! वाचता वाचता कुठं आलेय तेच विसरले. आणि ऐन रंगात, 'उर्वरित पान सातवर.' पान सात शेजारच्या टेबलावर, एका सफारीवाल्याच्या हातात. मी खाकरले. चुळबुळ केली. गृहस्थ हलेनात. शेवटी माझं डोकंच फिरलं.

"अहो काका, सोडा की ते पान! एकट्यानंच धरून बसायचं असेल तर समोर वाचनालयात जा."

"तिथूनच आलो," ते शांतपणे म्हणाले. "वाचक नाहीत, ग्रंथपाल नाही. पेपर होता, पण तो कुणीतरी शिवून ठेवलाय. मी तपासणीला आलोय. ग्रंथपाल कुठं भेटतील?"

हॉटेलातली सगळी बोटं माझ्याकडे वळली. आणि मागून अप्पा, अगदी गोड आवाजात, "मॅडम, रांगेनं वाचा."

साहेब भला माणूस निघाला. सगळी मंडळी माझ्यासोबत वाचनालयात आली, त्यांच्यादेखत मी दोरा उसवला, नोकरी वाचली. पान सात मला संध्याकाळी मिळालं. कुणा तज्ज्ञानं लिहिलं होतं, उच्चशिक्षित ग्रंथपाल नेमा, वाचक आपोआप वाढतील.