बन की बंजर?

“साखळी आत न्यायची न्हाई, सायब. आसरांना लोखंड चालत न्हाई.”

सोनाबाई बनाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. आसरा म्हणजे पाण्याच्या देवता. त्यांची पूजा तिच्याकडे होती. मी निजामाच्या पैमाईश खात्यात, म्हणजे जमिनी मोजायच्या नोकरीत. जिंतूरच्या डोंगरातलं हे बन कधीपासून उभं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रजिस्टरात मात्र ते ‘बंजर’, म्हणजे काही न उगवणारी पडीक जमीन म्हणून लागलं होतं. कोळसा पाडणाऱ्या एका ठेकेदारानं त्यावर अर्ज केला होता. मी मोजून ‘बंजर’ लिहिलं की लिलाव, आणि मग कुऱ्हाड.

आमची मोजायची साखळी, म्हणजे चेन, लोखंडी, तेहतीस फुटांची. दोरीनं मोजलेलं चालत नाही, दोरी ताणते. बाईशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. तिच्याच गोठ्यातला एक सरळ बांबू मागून घेतला, चेनीला लावून अकरा फुटांवर खूण केली. तीन काठ्या म्हणजे एक चेन. किल्ल्या, चाकू, बक्कलाचा पट्टा बाहेर ठेवून सोनाबाईच्या मागून अनवाणी आत गेलो.

ऐन चैत्रातली दुपार, पण आत गारवा. जांभळं, अर्जुन, मांडीएवढे जाड वेल. एका करंजाला कवेत घ्यायला चार माणसं लागली असती. वर वानरं गप्प बसून आमच्याकडे बघत होती. झऱ्यावर लांब पांढऱ्या शेपटीचा एक पक्षी सारखा बुडी मारून फांदीवर जात होता. काठी टेकवली तिथला पाचोळा हलला, आणि खवल्या मांजर अंगाचा गोळा करून बसलं.

“थांबा जरा,” सोनाबाई म्हणाली. “त्याला जाऊ द्या, मंग मोजा.”

थांबलो. खरं सांगतो, मला तिथून बाहेर यावंसंच वाटत नव्हतं.

बाहेर माझे वरिष्ठ, अमीनसाहेब, आंब्याखाली खुर्ची टाकून चहा पीत होते. मी लिहिलेली नोंद वाचून त्यांचा पारा चढला. उर्दूत ‘बंजर’ची शेवटची दोन अक्षरं गाळली की ‘बन’ उरतं. मी ती गाळली होती.

“रजिस्टर में बंजर हई. ये क्या लिखे तुम?”

“आत दिसलं ते, साहेब.”

“नौकरी भारी हुई क्या?”

मी म्हणालो, “जागा स्वतः बघूनच सही करायची असते. आपण आत जाऊन बघा, बंजर म्हणालात तर मी खोडतो. फक्त बूट काढावे लागतील. तळाला खिळे आहेत.”

साहेबांनी बनाकडे पाहिलं. “अंदर जनावरां हई क्या?”

“भरपूर.”

त्यांनी कप खाली ठेवला आणि सही केली.

“काय लिव्हलं?” सोनाबाईनं विचारलं.

“बन.”

“मंग? बनच हाय की ते!” एवढ्यासाठी दिवस घालवला, असा तिचा चेहरा.

ठेकेदाराचा अर्ज नामंजूर होऊन परत गेला. नोंद लिहिणाऱ्यानं आत जाऊन यावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. सही करणाऱ्याला जायचा कंटाळा असला, तर कधीकधी उलट बरंच पडतं.