वन्संचं पित्त

रत्नागिरीतल्या झाडून साऱ्या वैद्य-डॉक्टरांना एकटीने खोटं पाडणारी एकच बाई मी पाहिली, ती म्हणजे माझी मोठी नणंद. वन्संना काय होतं ते प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. घरातल्या वह्या माझ्याकडे असल्यामुळे त्यांच्या रोगांची नावंही मीच टिपून ठेवली: पित्त, उष्णता, रक्तदोष, जंत, बाहेरची बाधा. एका डॉक्टरने तर आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की, मूल नसलेल्या बायका अशी नाटकं करतात. ते मी लिहिलं आणि कागद फाटेपर्यंत खोडलं.

नाटकच म्हणायचं तर फार कष्टाचं होतं ते. कढत पाणी अंगावर पडलं की वन्सं लालबुंद होऊन न्हाणीतच बसकण मारत. बांगडा कितीही ताजा असो, त्याचा तीनदा वास घेत आणि शेवटी ताकभातच जेवत. तुळशीला पाणी घालायलासुद्धा छत्री घेऊन जात. रागही त्यांना सोसत नसे, आणि राग तर नाकावर. एकदा कोळणीशी घासाघीस करताना मधल्याच वाक्यात चक्कर येऊन पडल्या. ती बिचारी टोपली तिथेच टाकून पळाली. तेव्हापासून भांडायचं असलं की त्या आधी बसायला पाट मागत. केसांतल्या आकड्याने हातावर अक्षरं ओढली की मिनिटा-दोन मिनिटांत ती टपोरी उठत. मी बाजाराची यादी कागदावर करते आणि कागद घरी विसरते. वन्सं दुकानात बाही सारून वाचत, "धणे, वाती, गूळ. आटपा वहिनी, गूळ पुसत आलाय."

हसू येतं खरं, पण याच कातडीपायी त्यांचा संसार गेला. अंगभर मसुरीएवढे तपकिरी डाग होते. दाभोळच्या सासरच्यांनी महारोगाचा संशय घेतला, विसाव्या वर्षी त्यांना बोटीत बसवून माहेरी धाडलं आणि वर्षाच्या आत दुसरी सून आणली. इथे डॉक्टरने डागांवर सुया टोचून पाहिल्या. महारोगाचा डाग बधिर असतो; इथे प्रत्येक सुईला वन्सं ओरडल्या, म्हणजे महारोग नव्हता. पण सासरच्यांनी सुयांवर विश्वास ठेवला नाही आणि गावानेही नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारणी त्यांना पन्हं वेगळ्या भांड्यात देत. आपल्याला जे होतं ते कुणीतरी नीट बघावं आणि खरं मानावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि आम्ही घरचे? आम्ही चोळत होतो. पित्त उठलं की आमसुलं, यावर कोकणात दुमत नाही. भिजवलेल्या आमसुलांचा कोळ घेऊन सासूबाई पाठीला लागत आणि मी हातापायांना. वन्सं कळवळून म्हणत, "चोळू नका हो वहिनी, वाढतंय." त्यावर सासूबाई म्हणत, "अगो, आतलं बाहेर पडतंय. पडू दे." अकरा वर्षं मी त्या अंगाला आमसूल चोळलं.

मग एका आषाढात आम्ही सगळे लावणीला शेतावर गेलो असताना वन्संना पित्त उठलं. चोळायला घरात कुणीच नव्हतं, आणि ते घटकाभरात बसलं. एरवी अख्खी दुपार जायची. पित्त कधी उठलं आणि कधी उतरलं, तेही मी वहीत टिपत असे; तिची मागची पानं उलटली. लवकर उतरल्याचे आणखी चार दिवस सापडले, आणि चारही दिवशी त्या घरात एकट्या होत्या.

वही आणि वन्सं, दोघींना घेऊन मी दवाखान्यात नव्याने बदलून आलेल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळी वही वाचली. मग चमच्याच्या दांड्याने एक डाग हलकेच घासला. आमच्या डोळ्यांदेखत तो हरभऱ्याएवढा फुगला.

"चोळणं आजपासून बंद," ते म्हणाले. "हा महारोग नाही आणि ढोंगही नाही. काय आहे, ते मला माहीत नाही."

वन्संनी ते सहीनिशी लिहून मागितलं. परतताना बैलगाडीत त्या तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होत्या. "इतकी वर्षं सगळ्यांना माहीत होतं," एवढंच म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मी दाभोळला पत्र लिहिलं. मुद्दे नीट मांडून, एकही शिवी न देता, पण वाचणाऱ्याला झोप लागणार नाही असं. वन्संनी ते वाचलं, छान झालंय म्हणाल्या आणि घडी घालून कमरेला खोचलं.

"नका पाठवू. डाग बघून बाईला घालवणारी माणसं ती. चुकलो असं कळलं, तर मला न्यायला म्हणून त्या दुसरीला घालवतील."

माझा जीव चरफडला, पण पत्र गेलं नाही. पुढे दाभोळची बोट लागली की वन्सं ओळखीच्या कुणाला तरी गाठून तिची खबर काढत. तिला मुलगी झाल्याचं कळलं, त्या दिवशी त्यांनी घरात साखर वाटली. सासूबाईंनी कशाची म्हणून विचारलं, तर त्यांच्या हातावर आणखी चिमूटभर ठेवली. मला ठाऊक होतं. राग माझा तसूभर कमी झाला नव्हता, पण साखर मी घेतली.