प्लांटच्या मेलवरचं माझं दुकान

मी शिवलेल्या नऊवाऱ्या विकते. निऱ्या-बिऱ्या घालायची भानगड नाही, सलवारीसारखी चढवायची, कासोटा मागे आयता शिवलेला. भिलाई-दुर्गच्या आमच्या पोरींले लुगडं नेसता येत नाही, अन् नेसवून देणाऱ्या सासवा बी आता गाऊनवर आल्या, म्हणून माझं चालते. दुकान म्हणाल तर घरात एक मशीन अन् बाकी सगळं वेबसाइटवर. रायपूर, बिलासपूर, पार जबलपूरहून मापं येतात. प्रत्येक नऊवारीच्या कमरपट्टीत आतून मी एक कापडी लेबल शिवते, त्याच्यावर वेबसाइटचं नाव. आजवर जितक्या बायांनी माझी नऊवारी नेसली, तितक्यांच्या कमरेले ते नाव आहे. त्यामुळे कोणी मले म्हणालं, "जाऊ द्या ना, दुसरं नाव घ्या," तर मले असा राग येते की विचारू नका.

हे नाव, म्हणजे ज्याले डोमेन म्हणतात ते, सुपेल्याच्या बाजारातल्या एका कम्प्युटरच्या दुकानदाराकडून घेतलं होतं. साइट त्यानंच बनवली अन् ठेवली बी त्याच्याच होस्टिंगवर. मालकाचा मेल कोणता टाकू, असं त्यानं विचारलं. माझा तेव्हा मेल नव्हता. आमच्या यायनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोठ्या तोऱ्यात आपला स्टील प्लांटच्या ऑफिसचा मेल टाकायले लावला. "प्लांटचा मेल आहे, कुठी जात नाही," म्हणाले. मले बी पटलं. प्लांटच्या कॉलनीत, सेक्टरमध्ये राहणाऱ्याचं सगळं प्लांटचंच असते. पाणी प्लांटचं, लाइट प्लांटची, दवाखाना प्लांटचा. प्लांटचं म्हणजे पक्कं, हे आमच्या हाडात मुरलेलं. माणूस रिटायर होते तेव्हा त्याचा मेल बी त्याच्यासंगं रिटायर होते, हे कोणाच्या डोक्यात येईन?

यंदा लग्नसराईच्या तोंडावर साइट बंद पडायले लागली. सकाळी चालू, दुपारी बंद. बाया फोन करून विचारत, "काकू, दुकान बंद केलं का वं?" सुपेल्याच्या दुकानदाराले फोन लावला की, "दीदी, सर्वर डाउन है." मग तर फोन उचलणंच बंद. मी ठरवलं, आता या माणसाकडे नाही राहायचं. रायपूरची एक होस्टिंग कंपनी पाहिली. तिथली पोरगी फोनवर म्हणाली, "मावशी, जुन्या दुकानदाराकडून डोमेनचं कुलूप उघडून घ्या अन् ट्रान्सफरचा कोड मागवा. कोड मालकाच्या मेलवरच येईल. तो मले दिला की नाव अन् साइट दोन्ही इकडे आणते."

आमचे हे तेव्हा टेबलावर रिटायरमेंटचे कागद पसरून बसले होते. मी मेलचं विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, "तो मेल तर महिनाअखेरीले बंद होते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी."

मी त्या कागदायवर हात ठेवला. म्हणलं, "मग माझ्या नावाचं काय?"

"काय व्हायचं आहे? प्लांटचं क्वार्टर सोडून कोहक्याच्या आपल्या घरी जाऊ. तू बी आराम कर आता. लय शिवलं."

आराम! मी थकली म्हणून कोणाले सांगितलं होतं का? रायपूरच्या पोरीले विचारलं, तर तिनं खरं ते सांगितलं. मेल बंद झाला की मालक तुम्हीच हे शाबित करायले कागद पाठवत बसा, अन् सुपेल्याचा माणूस आडवा आला तर नाव गेलंच समजा. म्हणजे कोड काढायचा तो मेल जिवंत आहे तोवर.

दुसऱ्याच दिवशी एक अर्धी झालेली नऊवारी पिशवीत घातली अन् सुपेल्याले त्या दुकानात जाऊन बसली. दुकानदार म्हणाला, "दीदी, कल हो जाएगा." मी म्हणलं, "ठीक है, तब तक मैं यहीं काठ लगाती हूँ." खुर्चीवर बसून मी हातशिलाई सुरू केली. गिऱ्हाइकं येत, माझ्याकडे पाहत, एका बाईनं तर तिथंच ब्लाउजचं माप विचारलं. त्यानं चहा पाजून पाहिला, गोड बोलून पाहिलं, तापून पाहिलं. मी सुईत धागा ओवत राहिली. शेवटी दुपार कलली तेव्हा त्यानं माझ्यासमोर कुलूप उघडलं अन् कोड पाठवला. "गया, साहब के ऑफिस वाले मेल पर. अब तो जाइए, दीदी!"

तो दिवस यायच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाच्या आदला होता. ऑफिसचा मेल तिथल्याच कम्प्युटरवर उघडते, बाहेर पाठवता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा देताना मी बजावलं, "कोड आला असन. कागदावर लिहून आणा, विसरू नका." हे "हो बापा, हो" म्हणून गेले.

आमच्याकडे माणूस रिटायर झाला की डिपार्टमेंटचे लोक त्याले वाजतगाजत घरी आणून सोडतात. दुपारी ढोल ऐकू आला. मी आरतीचं ताट घेऊन दारात उभी. उघड्या जीपमध्ये हे, गळाभर हार, गुलालानं ओळखू न येणारं तोंड. सगळी कॉलनी गोळा झाली. मी ओवाळलं, टिळा लावला अन् हळूच विचारलं, "कोड?"

"नाही आला."

माझ्याकडे पाहिलंच नाही. एवढ्या वर्षांचा संसार आहे माझा. हा माणूस खोटं बोलते तेव्हा कानाची पाळी चोळते. गुलालानं भरलेल्या हातानं पाळी चोळून राहिला होता.

मी ताट ओट्यावर ठेवलं. "गेटचा पास कुठी आहे?"

"खिशात. संध्याकाळी जमा करायचा आहे."

"मग उतरू नका." अन् मी जीपमध्ये चढली. ड्रायव्हरले म्हणलं, "भैया, वापस गेट चलो."

अवं माय, काय गलका झाला! ढोलवाल्यायले वाटलं आणखी एक फेरी आहे, त्यायनं दुप्पट जोरानं वाजवलं. यायचे साथीदार हसून हसून बेजार. "भाभी, फिर से ड्यूटी पे भेज रही हो क्या?" सेक्टरच्या रस्त्यानं वरात उलटी निघाली, नवरदेवाचं तोंड उतरलेलं अन् बाजूले मी पदर खोचून बसलेली.

गेटवर हे हारासकट आत गेले. आम्ही उन्हात उभे. ऊन डोक्यात जाऊन राहिलं होतं. आता आत जाऊन बी "नाही आला" म्हणाले, तर मी काय करणार होती? काही सुचत नव्हतं. पण घरी जायचं नाही, एवढं ठरलं होतं.

हे बाहेर आले ते मिठाईच्या डब्याचं झाकण हातात धरून. ड्रॉवर रिकामा करून दिला होता, कागद नव्हता, म्हणून त्या झाकणावर कोड लिहिला होता. मशीनवर पेंटनं नंबर टाकतात तसं मोठं, सरळ अक्षर.

"सकाळीच दिसला होता," म्हणाले.

"मग कावून नाही आणला?"

"आज पास जाते. मेल जाते. क्वार्टर बी जाईन. लोकायले सांगत होतो, बायकोचं दुकान माझ्या मेलवर चालते. म्हटलं, ते बी आजच काढून द्यायचं?"

मले इतका राग आला होता, अन् त्याच वेळी रडू बी येऊन राहिलं होतं. माझ्या दुकानात या माणसाचं काही आहे, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. पण रडायले वेळ नव्हता. म्हणलं, "रडू घरी जाऊन. कोड वाचा आधी. अन् तो ढोल थांबवा रे कोणी!"

यायनं एकेक अक्षर वाचलं, मी रायपूरच्या पोरीच्या फॉर्मात टाकलं. कोड बरोबर निघाला. हे पास जमा करायले गेले अन् मी जीपमध्ये बसून डोळे पुसले.

नाव रायपूरकडे जायले काही दिवस लागले. तोवर आम्ही कोहक्याले आलो होतो. खोक्यायमध्ये जागा करून मी फोन उघडला. नव्या खात्यात मालकाचं नाव अन् मेल मागितला होता. मी माझं नाव लिहिलं, माझाच मेल टाकला. हे मागे उभे राहून चष्म्यातून वाचत होते.

"बरोबर आहे," म्हणाले. मग चष्मा पुसत, "मालकाच्या खाली आणखी कोणाची जागा नाही का?"

"फॉर्मात नाही," मी म्हणलं. "पण लेबलं कापायची आहेत, अख्खा रोल पडला आहे. उद्या आठची ड्यूटी. उशीर चालणार नाही."

सकाळी चहा घेऊन गेली, तर हे खाटेवर कात्री घेऊन बसलेले. आठ वाजायचे होते. पायात प्लांटचे बूट होते.