पोरं निजल्यावर थांबव

सिनेमा सुरू करणारे जबलपुरात लाखो असतील, पण तो कुठं थांबवावा हे कळणारा माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे आमच्या बाबांचा सायकलचा जोडीदार. नात्यानं ते आमचे कोणी नाहीत. रांझीच्या क्वार्टरांपासून फॅक्टरीच्या गेटापर्यंत बाबा आणि ते उभी नोकरी शेजारी शेजारी सायकल चालवत गेले, एवढंच नातं. पण सख्ख्या काकाच्या नात्यापेक्षा ते आमच्याकडे कधी कमी धरलं गेलं नाही. बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. काका मात्र अजूनही रस्त्याच्या मधूनच सायकल हाकतात, डाव्या हाताला एक सायकल मावेल एवढी जागा मोकळी सोडून. मागचे ऑटोवाले हॉर्न वाजवून बेजार होतात. "चाचा, किनारे चलो," असं कोणी ओरडलं की काका मान न वळवता सांगतात, "किनारे में जगह नहीं है."

रविवारी दुपारी ते अशीच सायकल हाकत नेपियर टाउनला आमच्याकडे येतात. मी इथल्या एका कॉलेजात शिकवते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. खरं आहे म्हणून सांगते, आणि सांगताना मला बरंही वाटतं. माझा निकाल लागला त्या दिवशी बाबांना बोलता येईना, म्हणून अख्ख्या कॉलनीत पेढे वाटत काकाच फिरले होते. हिंदी-मराठी सोडून दुसऱ्या भाषेतलं त्यांना वाचता येत नाही, पण सिनेमाच्या बाबतीत त्यांची मतं पक्की आहेत. ते फक्त चित्रांचे सिनेमे पाहतात. "माणसांच्या सिनेमात माणसं पैसे घेऊन रडतात," ते म्हणतात. "चित्राला कोण पैसे देते? ते रडलं म्हणजे खरंच रडलं." उंदीर-मांजर, बोलणारं अस्वल, उडणारे गालिचे, सगळं त्यांनी आमच्या टीव्हीवर तितक्याच गंभीर चेहऱ्यानं पाहिलं आहे. हसू आलंच तर ते हळूच हसतात, अस्वलाला वाईट वाटू नये म्हणून.

दिवाळीच्या सुमारास मी त्यांना एक परदेशी चित्रपट लावून दिला, हिंदीत आवाज दिलेला. लढाई पेटली आहे, गाव जळून गेलं आहे, आणि एक मोठी बहीण आणि तिचा धाकटा भाऊ, बरोबर एक बकरी घेऊन, बर्फातून चालत दूरच्या मावशीकडे निघाले आहेत. सिनेमा दोन तासांचा. आम्हाला तो पाहून संपवायला होळी उजाडली. त्याचं कारण पहिल्याच रविवारी घडलं. पोरं एका उघड्या माळावर आली होती, वारा सुटला होता, आणि आईनं जेवायला बोलावलं म्हणून मी टीव्ही थांबवला. काका उठले नाहीत.

"काहून गं, त्यांना असंच उभं ठेवतं का? आता रविवारपर्यंत?"

मी म्हटलं, "काका, ते चित्र आहे. थांबलं म्हणजे थांबलं."

"तेच म्हणून राहिलो ना मी. थांबलं म्हणजे तिथंच थांबलं. बर्फात." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "थोडं पुढं जाऊ दे. पोरं कुठं निजली की थांबव."

तेव्हापासून तो नियमच झाला. पोरांच्या पोटात काही गेलं पाहिजे, डोक्यावर छप्पर नाहीतर निदान गवताची गंजी पाहिजे, बकरी जवळ बसलेली पाहिजे, मगच रिमोटला हात लावायचा. कधी कधी पाचच मिनिटांत असा आडोसा सापडायचा आणि त्या रविवारचा सिनेमा तिथंच संपायचा. आठवडाभर आमच्या टीव्हीच्या आत कुठंतरी ती दोघं त्या गंजीत निजलेली असत, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्याची सवय झाली. थंडी वाढली की आई मटार सोलता सोलता टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघायची आणि म्हणायची, "बरं झालं बाई, गंजीत आहेत." वर हेही म्हणायची, की भाऊजींनी आम्हाला पुरतं खुळं केलं.

एका रविवारी मात्र पोरं लाकडी पुलाच्या अगदी मधोमध आलेली, वर विमानांची घरघर, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. आई म्हणाली, "बसा भाऊजी, येईल घडीभरात." काका बसले नाहीत.

"वहिनी, ते तिथं उभे आहेत."

"अहो, टीव्ही बंद आहे. पुलावर कोणी नाही."

"आपल्याला दिसत नाहीत, एवढंच."

आणि ते सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या वीजवाल्यांच्या चौकीवर गेले. तिथल्या लाईनमनला त्यांनी जे सांगितलं ते पुढं त्या लाईनमननंच आम्हाला ऐकवलं: "भैया, दो बच्चे पुल पर खड़े हैं. नीचे नदी, ऊपर जहाज. लाइन जल्दी चालू करो." बिचारा शिडी आणि दोर घेऊन धावत निघाला. "कौन से पुल पे, चाचा?" काका कधी खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "नाम तो अभी तक बताया नहीं." खुलासा झाल्यावर तो चिडेल असं मला वाटलं होतं, पण लाईट जोडून तो आमच्याकडे आला आणि हेल्मेट मांडीवर ठेवून, पोरं पूल ओलांडेपर्यंत बसून राहिला. अजूनही तो रस्त्यात भेटला की विचारतो, "दीदी, बच्चे ठीक हैं?"

पण त्या दिवसापासून काका जरा गप्प झाले. आमचे बाबा आणि काका दोघंही भराईच्या सेक्शनला होते. तोफेच्या गोळ्यांत दारू भरायची, हेच काम. बाबा त्याबद्दल घरी कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. त्याच पगारावर मी शिकले. पूल ओलांडल्यावर सिनेमात मागं एक गोळा पडला आणि पुलाच्या फळ्या आकाशात उडाल्या. पोरं पाठीमागं बघत उभी राहिली. काका पुढं सरकून बघत होते.

"खालून असं दिसते होय," ते म्हणाले.

मी आवाज कमी केला.

"आम्ही भरायचो, पेटीत ठेवायचो, पेटी जायची. पुढं काय, ते कोणी दाखवलं नाही. अन् आपणही पाहायला गेलो नाही."

फाल्गुनात त्यांच्या लेकीचा फोन आला. एकटं किती दिवस राहणार, पुण्याला या. रांझीचं घर आवरायला घेतलं होतं, आणि सिनेमा थोडाच उरला होता. पुण्याला गेल्यावर पुढचं पाहा, असं मी सुचवलं. "तिथं नातवंडं बोट लावून पुढं पळवतात," ते म्हणाले. "दहा-दहा सेकंद. त्या दहा सेकंदात पोरं उपाशी असली तर?" मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "तू आधी पाहून घे. पोरं वाचत असतील तरच मला दाखव. नसतील तर गंजीतच राहू दे त्यांना. तू मन राखायला बोलत नाहीस, म्हणून तुला सांगून राहिलो."

मी एकटीनं पाहिला. पुढच्या रविवारी ते दारातच थांबले, चपलाही न काढता.

"वाचतात," मी सांगितलं.

"दोघंही?"

"दोघंही."

"अन् बकरी?"

 आम्ही थांबवलं होतं त्या गंजीच्या पुढं ती बकरी सिनेमात कुठंच नाही. काढणाऱ्यांना विसर पडला, की काय झालं, कळायला मार्ग नाही. तेच मी सांगितलं. काकांनी विचार केला. "दिसत नाही म्हणजे मेली नाही. एखाद्या कळपात मिसळली असेल. बकरीला सोबत लवकर मिळते." आणि चपला काढून ते आत आले. हातात खव्याच्या जिलेबीचा पुडा होता. उत्तर ऐकायच्या आधीच त्यांनी तो आणला होता.

पोरं पोचली. मावशीनं दार उघडलं, आतला पिवळा उजेड बर्फावर पडला, आणि दार लागलं.  काळ्या पडद्यावर नावं चढू लागली तेव्हा मी रिमोट उचलला, तर त्यांनी माझा हात धरला.

"हे काय लिहिलं?"

"ज्यांनी सिनेमा काढला त्यांची नावं."

"वाच."

मी वाचू लागले. हा बर्फ काढणारा. ही धाकट्याचे डोळे रंगवणारी. हे नुसते ढग करणारे. हा बहिणीच्या पावलांचा आवाज काढणारा. नावं संपेनात. आई जिलेबीची बशी घेऊन उभीच राहिली.

"बाप्पा," काका हळूच म्हणाले. "इतकी माणसं लागली होय, दोन पोरं वाचवायला." आणि थोड्या वेळानं, "एक गोळा आम्ही दोघं मिळून भरायचो. मी अन् तुझे बाबा."

मी वाचत राहिले. परक्या देशाची नावं, निम्मी तरी मी चुकीची उच्चारली असतील. कॉलेजात ते कोणी शिकवलं नव्हतं. काका प्रत्येक नावाला मान लववत होते, लेकीच्या लग्नात मांडवाच्या दाराशी उभा राहून बाप एकेका पाहुण्याला आत घेतो, तशी.